बांगडी भरलेला प्यादा

मित्रांनो, मी एक जुना प्यादा आहे, बुद्धिबळाच्या पटावरचा. माझ्या गळ्यात हिरव्या काचेची बांगडी आहे. हसू आलं असेल तर हसून घ्या. तुमच्याआधी एक अख्खं अडत दुकान मला हसलं होतं, आणि ते हसणं मी व्याजासकट परत केलं. त्याचीच ही गोष्ट आहे. मी स्वभावानं गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लाकूड पाण्यात फुगतं, उन्हात तडकतं, पण झालेला अपमान विसरत नाही.

माझा जन्म सावंतवाडीचा. तिथल्या एका चिताऱ्यानं मला कातून घडवलं आणि वर पिवळी लाख चढवली. गोल डोकं, बारीक मान, खाली बसकी बैठक. माझे सात भाऊ हुबेहूब माझ्यासारखेच. वजीर आणि उंट घडवताना कारागिरानं जरा जास्त वेळ घेतला, आमच्यावर फारसा घेतला नाही. प्याद्यांचं नशीब असंच असतं. आम्ही पुढं चालायचं, मरायचं, आणि मागच्यांना वाट करून द्यायची.

कोल्हापूरच्या अंबादास मास्तरांनी आम्हाला विकत घेतलं. शाहूपुरीत एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर होतं. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पट मांडायचे. फार भला माणूस. समोरच्याचा मोहरा मारताना आधी "माफ करा हं" म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, लढाईत कसली माफी? पण त्यांच्याशी हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी हसतमुखानं पुन्हा यायचा, हेही मी बघितलं आहे.

निवृत्त झाल्यावर मास्तरांना काचबिंदूनं गाठलं. नजर कडेकडेनं आक्रसत गेली, आणि १९६८ च्या सुमारास उजेड-अंधार सोडून काही उरलं नाही. स्टँडवरून रोज खेळायला येणारे सोबती येईनासे झाले. आंधळ्या माणसाला हरवणं त्यांना जड जायचं, मुद्दाम हरायलाही जमायचं नाही. मास्तरांना ते कळायचं. ते एकटेच बोटांनी आम्हाला चाचपायचे. माझ्या डोक्यावरून त्यांचा अंगठा फिरायचा. मला अजून आठवतं, किती हलका स्पर्श होता तो.

त्या दिवसांत जोतीराम कंडक्टर घरी यायचा. कोल्हापूर-गडहिंग्लज गाडीवर त्याची ड्युटी असे. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "मास्तर, गडहिंग्लजात गणपतराव आण्णा हायत, गुळाचं अडत्ये. त्येंना बी ह्यो नाद हाय, पर समोर टिकंल असं कुणी न्हाय गावात. तुमी चाल सांगा, मी पोचीवतो. त्येंची घिऊन येतो की."

मास्तरांचा चेहरा उजळला. फक्त एक वचन त्यांनी जोतीरामाकडून घेतलं. "माझ्या डोळ्यांचं तिथं बोलायचं नाही. मला खेळ हवा आहे, कीव नको."

असा तो डाव सुरू झाला. इथं एक पट, तिथं एक पट, आणि मध्ये एस.टी.ची गाडी. जोतीराम खाकी गणवेशात दारात उभा राहायचा, मास्तर म्हणायचे, "आण्णांना माझा नमस्कार सांग. राजाच्या बाजूचा घोडा काढला." नियम एकच होता. जोतीराम गाडीत चढला की चाल परत घ्यायची नाही.

आण्णांकडून चाल यायची, नमस्कार काही यायचा नाही. त्याऐवजी काहीतरी खोचक यायचं. "मास्तर झोपलं काय?" "शाळंत असंच शिकीवलंसा व्हय?" आण्णा चाल सांगायचे भर दुकानात, गुळाच्या ढेपांमध्ये बसून. भोवती हमाल, गाडीवान, दोन-चार रिकामटेकडे. एक टोमणा मारला की चार माणसं हसायची, मग दुसरा सुचायचा. जोतीराम भोळा. जे ऐकलं ते जसंच्या तसं इथं ओतायचा. मास्तर म्हणायचे, "चालायचंच, खेळात होतं." पण जोतीराम गेला की त्यांची बोटं पटावर जरा वेळ नुसतीच पडून राहायची.

मास्तरांची सून विमला. त्यांचा मुलगा नृसिंह कचेरीत कारकून होता, त्याला पटाची आवड नव्हती. विमलाबाईला होती, पण ती कुणी कधी विचारली नव्हती. माहेरी भावांचे डाव उभ्या उभ्या बघून ती शिकली होती. आण्णांची चाल आली की मास्तरांच्या सांगण्यावरून तीच मोहरे हलवायची. मास्तर चुकत असले तर ती फक्त घसा खाकरायची. मास्तर हसून म्हणायचे, "पुन्हा विचार करतो."

एकदा ती चार दिवस माहेरी गेली. मास्तर एकटेच पटाशी बसले. आमच्या वजिराच्या डोक्यावरचा कंगोरा झिजून गुळगुळीत झाला होता. मास्तरांनी वजीर चाचपला आणि त्याला उंट समजले. मोहऱ्याचं नाव न घेता, या घरातून त्या घरात अशी चाल सांगितली, जोतीराम गाडीत चढला, आणि आमचा वजीर एका फालतू काळ्या प्याद्याच्या तोंडात जाऊन पडला. डाव तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जोतीराम आला तेव्हा विमलाबाई नुकतीच परतली होती. जोतीराम चपला काढता काढताच अडखळला.

"सांग ना," मास्तर म्हणाले.

"मास्तर, नगं."

"निरोप्यानं निरोप सांगावा."

जोतीरामानं मान खाली घातली. "आण्णा म्हणालं, 'मास्तराचं डोळं फुटलं काय? दिसत नसंल तर पट गुंडाळा म्हणावं, आन् हातात बांगड्या भरून घरात बसा.' लई हसली माणसं."

मास्तर रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना एका फडक्यात बांधलं आणि विमलाबाईच्या हातात गाठोडं दिलं. "शाळेत देऊन टाक. पोरं खेळतील." नृसिंह म्हणाला, "सोडून द्या हो, असल्या माणसाच्या नादी काय लागायचं?" मास्तर तेवढ्यावरच अंथरुणाकडं वळले. भिंतीला हात लावत गेले. इतके दिवस ते घरात हात न लावता फिरायचे, कारण घर त्यांना पाठ होतं. त्या दिवशी मात्र हात लावत गेले.

मित्रांनो, राग म्हणजे काय हे मला त्या गाठोड्यात कळलं. मला त्या गुळाच्या दुकानात जाऊन त्या माणसाच्या घशात अडकावंसं वाटत होतं. पण प्याद्याला कुणीतरी हलवावं लागतं.

विमलाबाईनं हलवलं. शाळेत न जाता तिनं गाठोडं माजघरात उघडलं. अंबाबाईच्या ओटीसाठी आणलेल्या सामानात देवीच्या लहान बांगड्या होत्या, बोटभर रुंदीच्या, हिरव्या. त्यातली एक तिनं उचलली आणि माझ्या डोक्यावरून खाली उतरवली. ती मानेवर येऊन बसली. खरं सांगतो, मी शरमलो. माझे सात भाऊ बघत होते. लढाईला निघालेल्या शिपायाच्या गळ्यात बांगडी? मग माझी नजर विमलाबाईच्या हातांकडं गेली. तिच्या मनगटांवर तशाच हिरव्या बांगड्या होत्या, आणि त्या हातांच्या मुठी वळलेल्या होत्या. त्यानंतर मला कधी शरम वाटली नाही.

ती मास्तरांच्या अंथरुणाशी जाऊन बसली. "मामंजी, हरणाऱ्यानं पुढचा डाव सुरू करायचा असतो ना? हा एक डाव मला द्या."

"कशाला, विमल?"

"मला आण्णांवर प्यादेमात करायची आहे."

मास्तर उठून बसले. प्यादेमात म्हणजे राजाला प्याद्यानं मारायचं. हत्तीनं, वजिरानं मेलेल्या राजाला लाज नाही. प्याद्याच्या हातून मेला तर गावभर शोभा होते. आणि त्यातही कुठला प्यादा मारणार हे आधी सांगून मारायचं, म्हणजे वाघाला आधी निरोप पाठवून शिकारीला जायचं. मास्तर म्हणाले, "नाव माझंच राहू दे. नाहीतर बाईशी खेळायला ते नाही म्हणतील."

दिवाळी झाली आणि डाव मांडला. विमलाबाईनं जोतीरामाला निरोप दिला. "आण्णांना नमस्कार सांगा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बांगडी भरली आहे. राजाकडच्या घोड्यापुढं उभं आहे ते प्यादं. त्याच्याच हातून मात होईल, म्हणावं."

जोतीराम डोळे विस्फारून म्हणाला, "वैनी, आगीत तेल ओततायसा."

"ओतायचंच आहे," ती म्हणाली.

गडहिंग्लजात आण्णांनी आपल्या पटावरच्या त्या प्याद्याला बांगडी म्हणून सुतळी बांधली आणि दुकान हसून हसून लोळलं, असं जोतीरामानं सांगितलं. पुढं रोजचेच टोमणे. "बांगडीवाली बाई कशी हाय?" "मंगळागौर झाली काय?" मी सगळे ऐकले आणि मनात लावून ठेवले. विमलाबाई एकाही टोमण्याला उत्तर द्यायची नाही. दर वेळी नमस्कार आणि चाल, चाल आणि नमस्कार. ती मला एकेक घर पुढं नेत होती. माझे भाऊ मरत होते. उजव्या बाजूचा गेला, मग त्याच्या पलीकडचा. हत्ती गेला. मी चालत राहिलो.

संक्रांत उलटली तेव्हा आण्णांचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला होता. शेजारी त्याचाच उंट, पुढ्यात त्याचंच प्यादं, सरळ पुढं सरकायला वाव नसलेलं. तेव्हा विमलाबाईनं मला अशा घरात नेऊन ठेवलं की माझाच विश्वास बसेना. ते काळं प्यादं मला तिरकं मारू शकत होतं. अगदी सहज. माझ्या पाठीशी कुणी नव्हतं. मास्तरांनीही बोटांनी चाचपून विचारलं, "विमल, हे उघडं पडतंय."

"पडू दे, मामंजी."

मी ती रात्र मरणाच्या दारात काढली. दुसऱ्या दिवशी जोतीराम आला तो हसतच. "वैनी, वाचलं की तुमचं प्यादं. केरबा हमाल म्हणाला, 'मारा आण्णा, फुकाट हाय.' तर आण्णा म्हणालं, 'छ्या! बांगड्या भरलेल्यावर गणपतराव हात टाकत न्हाय. ह्या प्याद्याला मी मारणार न्हाय, शब्द हाय माझा. हिंडू दे आख्ख्या पटावर.' टाळ्या पडल्या की दुकानात."

विमलाबाईनं डोळे मिटून घेतले. जोतीराम गेल्यावर ती मास्तरांना हळूच म्हणाली, "मी त्यांची चाल नव्हती ओळखली, मामंजी. जीभ ओळखली होती."

पुढच्याच चालीला आमचा घोडा उडी मारून माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. आता मी एक घर पुढं सरकलो की आण्णांचा राजा संपला. त्यांचा उंट हलला तर आमचा दुसरा हत्ती आत घुसून मारणार होता. वाचायची वाट एकच होती, मला मारायचं. आणि मला न मारण्याचा शब्द आण्णा भर दुकानात देऊन बसले होते.

बाजारात अडत्याची पत शब्दावर चालते. रुमालाखाली बोटं दाबून हजारो ढेपांचा सौदा होतो, तिथं शब्द फिरवणाऱ्याला कोण विचारणार? जोतीरामानं सांगितलं, आण्णांचा हात काळ्या प्याद्याकडं गेला तेव्हा केरबा हमाल फक्त एवढंच म्हणाला, "आण्णा, शब्द दिलासा की." दुकानात कुणी हसलं नाही. आण्णांनी हात मागं घेतला आणि चाल सांगितलीच नाही.

आठवडाभर जोतीराम रिकाम्या हातानं येत राहिला. मग एका दुपारी दार वाजलं. बाहेर उंचपुरा, फेटेवाला माणूस उभा होता. बगलेत गुळाची ढेप.

"अंबादास मास्तरांचं घर ह्येच न्हवं? मी गणपतराव. गडहिंग्लजचा."

विमलाबाईनं त्यांना आत घेतलं. पट समोरच मांडलेला होता. आण्णांनी मला बघितलं, माझ्या गळ्यातली बांगडी बघितली, आणि जरा ओशाळं हसले. मास्तर आतून आले, भिंतीला हात लावत. आवाजाच्या अंदाजानं त्यांनी नमस्कार केला. तो थोडा बाजूला, खिडकीकडं गेला.

आण्णांचं हसू मावळलं. ते हळूच दोन पावलं सरकून खिडकीपाशी, त्या नमस्काराच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. कबूल करतो, हे त्यांचं मला आवडलं. पण तेवढ्यानं माझा राग उतरणार नव्हता.

ते बसले. बराच वेळ फेट्याचा शेमला चाळवत राहिले. "मास्तर, एक इनंती घिऊन आलोय. दुकानात बोलून बसलोय मी. तेवढी त्या प्याद्याची बांगडी काढा. बांगडी न्हाय म्हणल्यावर माझा शब्द बी न्हाय. मग डाव बराबरीचा हुतोय."

मास्तरांनी विमलाबाईच्या दिशेनं तोंड वळवलं. "डाव हिचा आहे. तिला विचारा."

"म्हंजे? खेळतंय कोण?"

"मी," विमलाबाई म्हणाली. पदर सावरताना तिच्या बांगड्या वाजल्या. आण्णांनी त्या बांगड्यांकडं बघितलं आणि नजर खाली घेतली.

"बांगडी काढते, आण्णा," ती म्हणाली. "एकच अट आहे. जोतीरामाकडून जे जे पाठवलंत, ते इथं मामंजींच्या तोंडावर म्हणा. तेच शब्द, तसेच. वजीर गेला त्या दिवशी जे म्हणालात, तिथनं सुरू करा."

आण्णांनी तोंड उघडलं. "मास्तर... त्या दिशी म्या म्हणलो, की मास्तराचं..." पुढचा शब्द येईना. समोर मास्तर बसले होते, ताठ, मान किंचित वाकडी करून, नीट ऐकत. जे वाक्य भर दुकानात मोठ्यानं सुटलं होतं, ते त्या लहानशा खोलीत घशाबाहेर पडेना. आण्णांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. मी वाट बघत होतो. म्हणा की, आण्णा. इतके महिने म्हणत होता ना?

"मला ठावं न्हवतं, मास्तर," ते शेवटी म्हणाले.

"एकदा तब्येत विचारली असतीत तर कळलं असतं," विमलाबाई म्हणाली.

"तितं बसून बोलताना वाटायचं, पुढं नुसता पट हाय. पलीकडं माणूस बसलाय ह्ये ध्यानातच येत न्हाय."

"पटाला कान नसतात, आण्णा," मास्तर म्हणाले. "मला आहेत. डोळे गेल्यापासून तेवढेच आहेत."

विमलाबाईचा हात माझ्याकडं आला आणि बांगडीजवळ थांबला. काढते की काय? तिनं मास्तरांकडं बघितलं. "मामंजी?"

"पाहुण्यांना चहा दिलास?"

"नाही."

"आधी चहा दे," मास्तर म्हणाले. "मग मात दे."

आण्णा चहा प्यायले. बशी खाली ठेवली आणि आपल्या चालीसाठी दूरचं एक प्यादं उगीच एक घर पुढं सारलं. मला मारलं नाही. शब्द त्यांनी पाळला, एवढं त्यांच्या नावावर मांडतो. विमलाबाईनं मला दोन बोटांत धरलं, म्हणाली, "माफ करा हं," आणि पुढच्या घरात ठेवलं. बांगडी लाकडावर किणकिणली. राजा माझ्यासमोर होता, आणि त्याला पळायला जागा नव्हती.

त्या क्षणाइतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नाही. मास्तरांनी हात पुढं केला, पट चाचपला, माझ्या डोक्यावरून अंगठा फिरवला. ढेप आण्णांनी तिथंच ठेवली होती, ती विमलाबाईनं त्यांच्यासोबत परत दिली.

पुढं मास्तर आणि आण्णांचे डाव चालू राहिले. मास्तर पुन्हा स्वतः खेळू लागले, आणि घरात भिंतीला हात न लावता फिरू लागले. चाल पाठवायच्या आधी विमलाबाई फक्त एकदा मोहरे बघून घ्यायची. आण्णांची चाल आली की आधी नमस्कार यायचा, मग तब्येतीची चौकशी, मग चाल. मास्तरांनी त्यांना मनापासून माफ केलं. मी केलेलं नाही. त्या नमस्कारात मला थोडी भीती ऐकू यायची, आणि ती ऐकून मला बरं वाटायचं. मी लाकूड आहे, मास्तर नाही.

मास्तर गेले. मग आम्हाला फारसं कुणी बाहेर काढेना. आमच्या फडक्याला वास येऊ लागला, दोन घोडे हरवले. गेल्या वर्षी, म्हणजे १९८५ साली, घरात टेलिफोन आला. विमलाबाईची मुलगी नंदिनी राजारामपुरीतल्या मीनाक्षीशी फोनवर बुद्धिबळ खेळू लागली. इथं एक पट, तिथं एक पट, मध्ये तार. परवा मीनाक्षीनं वजीर फुकट घालवला, आणि नंदिनी फोनमध्ये खिदळत ओरडली, "डोळे फुटले काय तुझे?"

विमलाबाई स्वयंपाकघरातून आली. पीठ लागलेल्या हातानंच तिनं फडकं उघडून मला काढलं आणि फोनशेजारी ठेवलं. "चप्पल घाल," ती मुलीला म्हणाली. "राजारामपुरीला चालत जा. मीनाक्षीच्या तोंडाकडं बघून हेच वाक्य म्हण, आणि परत ये. मग पुढची चाल."

नंदिनीनं माझ्याकडं बघितलं. माझी गोष्ट तिला ठाऊक आहे. फोनमध्ये पलीकडून काहीच आवाज येत नव्हता, पण कुणीतरी श्वास घेत होतं. नंदिनीनं तो ऐकला. मग हळू आवाजात म्हणाली, "मीनू, चाल परत घेतेस का?"

मित्रांनो, तेव्हापासून मी फोनशेजारीच उभा आहे. उद्या तुम्ही कुणाशी, कुठून आणि कसल्या यंत्रावर खेळाल, मला माहीत नाही. समोरचा दिसणार नाही, एवढं नक्की. तेव्हा एखादं वाक्य जिभेवर आलं की ते त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, त्याच्या हातचा चहा पिऊन म्हणता येईल का, एवढं बघा. येत असेल तर खुशाल म्हणा. येत नसेल तर गिळा. नाहीतर पलीकडं कुणीतरी एखाद्या प्याद्याला बांगडी भरत असेल, आणि ते प्यादं घाईत नसतं.